कापड चढवण्याआधी टेबल बघा

प्रश्न : चिपळूणच्या घरी वरच्या मजल्यावर साडेसतरा बाय चौदा फुटांचा हॉल आहे. तिथे पूल टेबल ठेवायचंय. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या पार्लरचं 8 फुटी स्लेटचं टेबल एक जण नवं पॉलिश, नवं कापड करून 95 हजारांत देतोय. शोरूममधलं नवं, एमडीएफच्या पाटाचं, 80 हजारांत मिळतंय, वर वर्षाची गॅरंटी. घरचे म्हणतात, दुसऱ्याचं वापरलेलं कशाला? वजनाचीही धास्ती आहे, आणि लांबीच्या भिंतीला दोन फुटी शोकेस आहे. – एक वाचक

उत्तर : चिपळूणच्या पावसात एमडीएफ नकोच. लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा तो. दमट हवेत फुगतो, मधे झोळ धरतो. मग हळू मारलेला बॉल आपोआप पोटाकडे वळतो. पाय वर-खाली करून लेव्हल साधते, पोट जात नाही. आणि वर्षाची गॅरंटी म्हणजे तुमच्याकडे एकाच पावसाळ्याची! घरच्यांना हे सांगा.

स्लेट दगड आहे. जिमखान्यांतली जुनी टेबलं अजून खेळात आहेत ती त्याच्याच जोरावर. जुनंच घ्या, पण माणसाला आजच फोन करा : ‘मी येईपर्यंत कापड चढवू नका.’ आम्हा फिटर मंडळींना ठाऊक आहे, नव्या कापडाखाली काय काय झाकलं जातं ते.

उघड्या टेबलावर स्लेटचे तीन तुकडे दिसतील. बोटाच्या पेराने ठोकत जा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर तडा आहे. स्क्रूच्या भोकांजवळ तर नक्कीच ठोका. तिन्ही तुकडे एकाच टेबलाचे हवेत. दोन टेबलांचे जुळवले असतील तर जाडीत फरक पडतो आणि सांध्यावर बॉल उडतो. फ्रेमखाली बारीक भुसा पडलेला दिसला तर किड्याने घर केलंय, तिथूनच परत फिरा.

खरी मेख कुशनच्या, म्हणजे बॉल आपटून परततो त्या कडेच्या पट्टीच्या, रबरात असते. रबर दगडासारखं कडक किंवा भेगाळलेलं असेल तर बदलून मागा, त्याच पैशांत. बदलल्यावर टेपने मोजा : पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा, तर रबराची धार स्लेटपासून साधारण 36 मिलिमीटरवर हवी. खाली असली की बॉल उसळतो, वर असली की दबतो. मग कापड चढवू द्या आणि एका टोकाकडून जोरात बॉल मारून बघा, त्याने टेबलाची लांबी चार वेळा तरी कापायला हवी.

वजनाचं म्हणाल, तर घराचा आरसीसी स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो धरून काढतात आणि 400 किलोचं टेबल साडेतीन चौरस मीटर जागा घेतं, म्हणजे तेवढ्या जागेला 700 किलो धरलेले असतात. इमारत जुनी किंवा लाकडी तुळयांची असेल तर मात्र इंजिनिअरला आधी दाखवा. शोकेस हलवावीच लागेल. पूर्ण लांबीची क्यू, म्हणजे खेळायची काठी, फिरवायला 17 बाय साडेतेरा फूट मोकळी जागा लागते, तुमच्याकडे ती जेमतेम आहे.

95 हजारांत वाहतूक आणि बसवणं धरलंय का, ते लिहून घ्या. स्लेटचा एकेक तुकडा 65-70 किलोचा असतो. जिन्यावरून उभा धरूनच न्यायचा, आडवा नेला तर मधेच तडकतो. आणि महिन्याभराने फिटरने पुन्हा येऊन लेव्हल बघायची, हेही त्याच कागदावर लिहा.