दुसऱ्यांची दुःखं ऐकून माझं वाढलं तर?

"आधीच झोप नाही, त्यात दहा जणांकडची मरणं ऐकायची? आणखीच खचेन मी." संवाद-गटाचं, म्हणजे जवळचं माणूस गमावलेल्यांनी एकत्र बसून बोलायच्या गटाचं, नाव काढलं की बहुतेक जण हेच म्हणतात. ऐरोलीच्या एका ताईंचंही हेच म्हणणं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वय ५२. यजमानांना तोंडाचा कॅन्सर, दोन वर्षं दवाखान्याच्या खेपा, आणि आता त्यांना जाऊन पाच महिने झालेले. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून त्यांनी ठाण्यात, नौपाड्यातला गट निवडला. असं बरेच जण करतात, आणि त्यात गैर काही नाही.

ताईंची भीती खोटी नव्हती. वाईट चालवलेल्या गटातून माणूस खरंच खचून बाहेर पडतो, आणि त्याची कारणं ठरलेली असतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ज्यांचं माणूस गेलंय आणि ज्यांच्या माणसाची केमो चालू आहे, त्यांना एकत्र बसवणं. एकाला दुसऱ्याची आशा सोसवत नाही, दुसऱ्याला पहिल्याचा शेवट ऐकवत नाही. हे दोन गट वेगळेच हवेत. मग "आमच्या ह्यांचे तर याहून हाल झाले" ही चढाओढ. ती सुरू झाली की चालवणाऱ्याने तिथेच थांबवायची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त वेळ आणि जागा. ढिलाई केली की काढ्यांचे फॉरवर्ड आलेच.

नीट चालणारा गट आठ-दहा जणांचा, दीड तासाचा. खुर्च्या गोल, मध्ये टेबल नाही. पहिली फेरी छोटी: नाव, कोण गेलं, किती दिवस झाले. पुढे ज्याला बोलायचंय त्याला चार-पाच मिनिटं. "आज फक्त ऐकते" एवढं म्हटलं तरी भागतं, कुणी कारण विचारत नाही. टिश्यूचा डबा मध्ये ठेवलेला असतो, रडणाऱ्याच्या हातात कोंबत नाहीत. त्याला ते 'आता पुरे' असंच ऐकू येतं. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची: घरी जाऊन काय जेवणार, घरी कोण आहे? प्रश्न बाळबोध वाटतात, पण ते गाळले की लोक भरल्या डोळ्यांनी तशीच लोकल पकडतात.

ताईंना सांगितलं, चार बैठका धरा, मग ठरवा. पहिली रात्र जड जाईल. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, जेवण-झोप आणखी बिघडली, तर गट थांबवून एकेकट्याने भेटू. मरावंसं वाटलं तर मात्र बैठकीची वाट पाहायची नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो.

दोन बैठका त्या नुसत्या ऐकत होत्या. तिसऱ्या बैठकीत बरोबर ६ वाजता त्यांचा फोन वाजला. यजमानांना वेदनेसाठी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी असायची: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. पाचही गजर पाच महिने तसेच वाजत होते. लेक सांगून थकली होती, "आई, काढून टाक ना ते." घाईघाईने बंद करत ताई म्हणाल्या, "सॉरी, काढायचा राहिलाय."

समोरचे काका म्हणाले, "राहिलाय कुठे! माझाही वाजतो. तिच्या इन्सुलिनचा. सकाळी ८ ला."

दोघं-तिघं हसले. ताईही. मग पहिल्यांदा त्या सलग बोलल्या, गोळी चुरून पाण्यात कालवायच्या तो चमचा अजून वेगळाच ठेवलाय, इथपर्यंत.

गजर काढा, असं कुणी सुचवलं नाही. सहाव्या बैठकीपर्यंत ताईंच्या फोनमधले चार गजर गेले होते. संध्याकाळी ६ चा आहे अजून. बैठकीत फोन सायलेंटवर ठेवायचा नियम आहे, तरी तो वाजतो, आणि काका घड्याळ बघतात.