हरिकेन एका रात्रीत एवढं कसं वाढतं, आणि सॅटेलाइट असूनही आधी का कळत नाही?

तुमचा प्रश्न असा की संध्याकाळी साधं दिसणारं वादळ सकाळपर्यंत कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं, कसं काय होतं, आणि एवढे सॅटेलाइट असून ते पकडता का येत नाही. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, वर्सोव्याचा कोळी आहे, घरची बोट आहे, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी पोटापाण्याचा, म्हणून जे मिळेल ते वाचत असतो.

हरिकेन काय आणि आपलं चक्रीवादळ काय, जात एकच. २४ तासांत वाऱ्याचा वेग ताशी साधारण ५५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वाढला तर त्याला रॅपिड इंटेन्सिफिकेशन बोलतात. ही झाली कमीत कमी अट. २०१५ साली मेक्सिकोजवळ पॅट्रिशिया आलं होतं, त्याचा वारा एका दिवसात ताशी १९५ च्या आसपास वाढला आणि ३४५ पर्यंत गेला!

आता हे होतं कसं. पाणी २६-२७ डिग्रीच्या वर गरम पाहिजे हे सगळे सांगतात, पण खरी गोम खोलीत आहे. वादळ स्वतःच समुद्र ढवळतं, म्हणजे गरम पाणी नुसतं वरवर असेल, अंघोळीच्या बादलीत वर गरम आणि खाली गार असतं तसं, तर ढवळल्यावर खालचं गार पाणी वर येतं आणि वादळ आपलं आपणच थंडावतं. पण गरम थर पन्नास-शंभर मीटर खोल असला की कितीही ढवळा, वर गरमच येणार, मग वाफ थांबतच नाही, त्या वाफेचे ढग होताना उष्णता सुटते, त्याने मधला दाब आणखी पडतो, दाब पडला की वारा वाढतो, वारा वाढला की वाफ वाढते, असं ते चक्र सुटतं. त्यात वरचा वारा आणि खालचा वारा वेगवेगळ्या दिशेचा नसला पाहिजे, नाहीतर वादळाचं डोकं एकीकडे आणि पाय एकीकडे होतात. शिवाय आजूबाजूची हवा दमट लागते, आपल्या अरबी समुद्रात वाळवंटाकडून कोरडी हवा घुसते आणि कित्येकदा तीच आपल्याला वाचवते.

आणि डोळा, म्हणजे वादळाच्या मधोमध असतो तो शांत भाग. डोळा जेवढा आक्रसतो तेवढं फिरणं जोरात. २००५ च्या विल्माचा डोळा चारेक किलोमीटरचाच होता, म्हणजे आपला वांद्रे-वरळी सी लिंक त्यात मावला नसता, आणि त्याचा दाब पडला ८८२ मिलिबारपर्यंत. अटलांटिकमध्ये त्याहून कमी दाब आजपर्यंत मोजलेला नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. वादळ कुठे जाणार हे मोठ्या वाऱ्यांवर ठरतं, ते अंदाजाची कॉम्प्युटर मॉडेल बऱ्यापैकी पकडतात. किती वाढणार हे मात्र त्या डोळ्याभोवतीच्या पाच-पन्नास किलोमीटरमध्ये ठरतं आणि सॅटेलाइटला वरून दिसतो ढगांचा माथा. आत काय चाललंय ते बघायला विमान घालावं लागतं, अमेरिकावाले घालतात, विमानातून यंत्रं खाली सोडतात आणि ती पाण्यात पडेपर्यंत दाब, वारा, तापमान कळवत राहतात. तरीपण २०२३ मध्ये ओटिसने सगळ्यांना फसवलं. साधं वादळ म्हणून अंदाज चालले होते, विमान आत गेलं तेव्हा कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय, आणि २५ ऑक्टोबरच्या मध्यरात्री ते कॅटेगरी ५ होऊन अकापुल्कोवर आदळलं. मेलेल्यांमध्ये बोटी सांभाळायला बोटींवरच थांबलेले खलाशी पण होते. हे वाचून आमच्याकडच्या माणसाच्या पोटात गोळाच येतो, कारण वादळ आलं की बोट बांधायला शेवटपर्यंत कोण थांबतं ते आम्हाला माहितीय.

माझ्या मते खरा धोका वाऱ्याच्या आकड्याचा नाही, वेळेचा आहे. आमची ट्रॉलर ताशी बारा-पंधरा किलोमीटरने चालते, खोल समुद्रात जाळी टाकलेली असली तर आधी ती ओढायची, मग बंदर गाठायचं, यातच दिवस जातो. तेवढ्यात वादळाची श्रेणी दोनदा बदलते. २०१७ ला ओखीचं हेच झालं, डिप्रेशनचं, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीच्या कमी दाबाच्या पट्ट्याचं, चक्रीवादळ व्हायला एक दिवस लागला आणि केरळ-तामिळनाडूच्या बोटी आधीच बाहेर होत्या. कित्येक माणसं परत आलीच नाहीत, काही बोटी जीव वाचवत थेट आपल्या देवगडला येऊन लागल्या.

२०२१ चं तौक्ते पण रात्रीतून वाढलं, १७ मेला मुंबईपासून दीडशे एक किलोमीटरवरून गेलं तरी कुलाब्याला ताशी १०० च्या वर वारा, आणि बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्ज (कामगार राहायचा मोठा तराफा) बुडून ७० च्या वर माणसं गेली. हवामान खात्याला शिव्या घालणारे खूप आहेत पण तौक्ते येतंय हे त्यांनी काही दिवस आधीपासून सांगितलं होतं, हे पण बोललं पाहिजे.

तर तुम्ही हवामान खात्याचं बुलेटिन वाचताना आजचा वारा किती एवढंच बघू नका, पुढच्या २४ तासांत कुठली श्रेणी लिहिलीय ते बघा आणि त्याच्या वरची एक धरूनच चाला. आमच्याकडे जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, तर मे महिन्यात आणि दिवाळीच्या आसपास बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागायची वाटच बघत नाहीत, वायरलेसवर नुसतं डिप्रेशन ऐकलं की जाळी ओढायला लावतात, डिझेल फुकट गेलं म्हणून मालक ओरडला तरी.