अखंड गरम पाणी, पण सांडणार कुठे?

वाचकांचे प्रश्न : गाडीतला संसार

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी एक जुनी २५ फुटी क्लास सी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतली. जूनमध्ये सांगलीहून सासू-सासरे येताहेत. त्यांना घेऊन बॅडलँड्स, यलोस्टोन, ग्रँड टीटन या राष्ट्रीय उद्यानांची फेरी ठरवली आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं, असे सहा जण. गाडीतला ६ गॅलनचा गिझर तापायला लागला की बाहेरच्या झाकणातून ठिबकतो. डीलर म्हणतो, टाकी गेली, आता टँकलेसच (बिनटाकीचा, पाणी वाहतं तसं तापवणारा गिझर) बसवा, गरम पाणी कधी संपणारच नाही. बसवण्यासकट २,२०० डॉलर सांगतोय. सासूबाईंना गार पाणी अजिबात चालत नाही आणि सासऱ्यांना बादली-तांब्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. काय करावं?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तापतानाच ठिबकतो म्हणता ना, मग टाकी गेली असं मी एवढ्यात मानणार नाही. पाणी तापलं की फुगतं. या छोट्या टाक्यांमध्ये वरच्या अंगाला थोडी हवा कोंडलेली असते, ती हा फुगवटा झेलते. वापरता वापरता ती हवा पाण्याबरोबर निघून जाते. मग दाबाला जागा उरत नाही आणि बाहेरच्या झाकणामागचा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब पाणी सोडतो. म्हणजे तो त्याचं काम करतोय.

डीलरला फोन करण्याआधी हे करून बघा. गिझर बंद करा आणि पाणी पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई नको, आतलं पाणी ६० अंशांचं असतं. पंप बंद, बाहेरून येणारं पाणी बंद. आतला कुठलाही गरम पाण्याचा नळ उघडा. मग व्हॉल्व्हची दांडी ओढून आडवी धरा, वाहणारं पाणी थांबलं की सोडा, ती फटकन मिटली पाहिजे. नळ बंद करून पंप लावा. हवेची पोकळी पुन्हा तयार झाली. एवढ्यावर बऱ्याच जणांचं ठिबकणं थांबतं. नाही थांबलं तर नुसता व्हॉल्व्ह बदला, तो गिझरच्या मानाने अगदी स्वस्त असतो.

पण गिझर गार असतानाही पाणी गळत असेल, किंवा कोणी नळ उघडलेला नसताना पंप मधूनच आपला आपण गुरगुरत असेल, तर मात्र गळती खरी. आधी सांधे आणि नळ्या तपासा, त्या कोरड्या असतील तर टाकी. हिवाळ्यात तुमच्याकडे गाडी टाकी रिकामी न करता उभी राहिली असेल, तर बर्फाने ती तडकलेली असू शकते. तसं असेल तरच पुढचं वाचा.

‘गरम पाणी कधी संपणार नाही’ हे डीलरचं वाक्य खोटं नाही. फक्त ते पाणी पुढे जातं कुठे, हे त्याने सांगितलेलं नाही. तुमच्या लांबीच्या गाडीत आंघोळीच्या सांडपाण्याची टाकी साधारण ३० गॅलनची, म्हणजे ११५ लिटरच्या आसपास असते. तुमचा नेमका आकडा गाडीच्या कागदांत बघा. मिनिटाला दीड गॅलनचा शॉवर आठ मिनिटं चालला की ४५ लिटर गेले. दोन आंघोळी झाल्या, तिसरा साबण लावून उभा आहे आणि पायाखालच्या ट्रेमध्ये राखाडी, साबणाचं पाणी उलटं वर यायला लागलंय. अखंड गरम पाण्याचा हा शेवट मी शेजारच्या गाड्यांमध्ये पाहिलेला आहे. मग भर दुपारी अख्खी गाडी आवरायची आणि डंप स्टेशनच्या, म्हणजे सांडपाणी ओतायच्या जागेच्या, रांगेत लावायची.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो : मुक्काम कुठे? यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्हीची जोडणी मिळते ती फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात, म्हणजे अशा गाड्यांच्या तळावर. मॅडिसन, कॅनियन, ग्रँट व्हिलेज इथे जागा सुंदर, जोडणी काही नाही. बॅडलँड्सच्या सीडर पासला काही जागांवर नुसती वीज आहे. ग्रँड टीटनला कोल्टर बेच्या आरव्ही पार्कात तिन्ही मिळतं. तुमचे अर्ध्याहून जास्त मुक्काम बिनजोडणीचे असतील, तर टँकलेसचा मोठेपणा तुम्हाला उपभोगताच येणार नाही.

आता थोडं गणित. मी आयुष्यभर बॉयलरच्या डिझाइनमध्ये काम केलं, त्यामुळे सवय जात नाही.

साध्या ६ गॅलनच्या गिझरचा बर्नर तासाला सुमारे १२,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) असतो. १५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला त्याला अर्धा तास लागतो. शिवाय बहुतेकांत १,४४० वॉटचं विजेचं एलिमेंट असतं, नुसत्या विजेवर पाऊण तासाच्या वर. दोन्ही एकदम लावलं की वीस मिनिटांच्या आत. टँकलेसची ताकद याच्या कितीतरी पट असते : जिरार्ड कंपनीचा ४२,००० बीटीयू, ट्रुमाचा ६०,०००. ऐकायला भारी वाटतं. पण यलोस्टोनचं नळाचं पाणी जूनमध्येही हात बधिर करतं. ते ७ अंशांचं धरा. मिनिटाला दीड गॅलनने ४२,००० चा हीटर त्याला जेमतेम ३२ अंशांवर नेतो. सासूबाई ते पाणी गारच म्हणणार, आणि त्यांचं बरोबर आहे. साठ हजारवाला ४०च्या पुढे जातो, पण फिशिंग ब्रिज आठ हजार फुटांच्या जवळ आहे. तिथे हवा विरळ, ज्योतही तेवढी मंद. मग नळ बारीक करायचा. फार बारीक केला की आतला फ्लो सेन्सर समजतो की पाणी बंद झालं, आणि ज्योत विझते. त्यातून आपल्याला गरमात गार मिसळायची सवय. टँकलेसला ती चालत नाही. गार नळ उघडला की हीटरमधून जाणारी धार आणखी घटते. पाहिजे ते तापमान हीटरवरच ठरवायचं आणि गार नळाला हात लावायचा नाही.

आमच्या आधीच्या ट्रेलरमध्ये टँकलेस होता. यजमान दाढी करताना नळ उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. प्रत्येक वेळी आधी नळीतलं उरलेलं गरम पाणी, मग मधला गार पट्टा, मग पुन्हा गरम. गालावर साबण आणि तोंडात शिव्या. पाणी वाचवायचं म्हणजे भिजा, नळ बंद, साबण लावा, धुवा. आणि नेमकी हीच पद्धत टँकलेसला सोसत नाही. ट्रुमाच्या काही मॉडेलमध्ये हीटरच्या पोटात थोडं पाणी कोमट राखलेलं असतं, तिथे हा त्रास कमी होतो. किंमत अर्थातच वाढते.

सासऱ्यांची बादली मात्र टाकीच्या गिझरची सख्खी मैत्रीण. सहा गॅलन ६० अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणलं की दोन बादल्या आरामात भरतात. सकाळी उठल्या उठल्या गिझर लावा, चहा होईस्तोवर सासू-सासऱ्यांच्या बादल्या तयार. गाडीतल्या शॉवरच्या चौकोनात मोठी बादली आणि माणूस एकत्र मावत नाहीत, तेव्हा दहा लिटरची उभट बादली घ्या आणि अर्ध्यावर पुन्हा भरा. अर्ध्या तासाने तुम्ही दोघं. मुलांना दिवसाआड कॅनियन किंवा ग्रँट व्हिलेजच्या पैसे देऊन वापरायच्या शॉवरांत सोडा, तिथे त्यांनी हवं तेवढं नाचावं.

गॅसची बचत होते म्हणून टँकलेस घ्या, असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. दिवसभर साधा गिझर चालू ठेवला तर पाणी उगाच तापत राहतं, हे खरं. पण लागेल तेव्हाच लावला तर फरक नगण्य आहे. एका आंघोळीला साधारण पाव पाउंड प्रोपेन लागतो. गॅस खरा पितो तो रात्री गाडी उबदार ठेवणारा फर्नेस. उलट जोडणीच्या जागी वीज भाड्यात आलेली असते, तिच्यावर साधा गिझर फुकट तापतो. गाड्यांमधले टँकलेस बहुतेक प्रोपेनवरच चालतात, तुमच्या टाकीतला गॅस जाळतात. फक्त ३० अँपिअरच्या जागी एसी आणि गिझरचं एलिमेंट चालू असताना मायक्रोवेव्ह लावू नका, ब्रेकर पडेल. आणि टाकीत पाणी नसताना एलिमेंटचं बटण दाबायचं नाही. ते काही क्षणांत जळतं.

तेव्हा टाकी खरंच गेली असेल, तर त्याच मापाचा, गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा ६ गॅलनचाच गिझर घ्या. गाडीच्या भिंतीतलं भोक तेच राहतं, नळ्या त्याच राहतात. टँकलेस मी कोणाला सुचवते? जे हिवाळाभर फ्लोरिडाला किंवा अ‍ॅरिझोनाला एकाच जागी पूर्ण जोडणी घेऊन राहतात आणि ज्यांच्या घरी लांब केसांच्या दोन-तीन मुली आहेत, त्यांना. खुशाल घ्यावा.

प्रश्न : आमच्या ट्रेलरच्या गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. गार पाण्याला येत नाही. गॅस तर गळत नसेल?
– एक वाचक, फिनिक्स, अ‍ॅरिझोना

उत्तर : वास फक्त गरम पाण्यालाच असेल तर संशय गिझरच्या टाकीवर. तरी गॅसचा वासही तसाच असतो, म्हणून आधी गाडीतला प्रोपेन अलार्म चालू आहे ना ते बघा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. तिथे काही नसेल तर टाकीत जिवाणूंनी घर केलंय. सबर्बन कंपनीच्या गिझरमध्ये पोलादी टाकी वाचावी म्हणून एक धातूची कांडी असते, ती स्वतः झिजत जाते. तिच्यामुळे या जिवाणूंचं फावतं. गिझर बंद, पाणी गार, दाब सोडलेला, मग १ १⁄१६ इंची सॉकेटने कांडी काढा. ती खडूच्या तुकड्यासारखी झिजली असेल तर बदला. टाकी धुऊन घ्या. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच घालून ते गरम नळापर्यंत खेळवा, काही तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. तुमचा गिझर अ‍ॅटवूडचा असेल तर त्याची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, तिला कांडी नसते आणि बसवायचीही नाही. फिनिक्सच्या क्षारांची पांढरी खपली तळाशी सापडेल, तीही काढा. हाताशीच आहात तर बर्नरच्या नळीत डोकावून बघा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते आणि ज्योत पिवळी पडते.

प्रश्न : पुण्यात मी टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतोय. टँकलेस म्हणून घरातला ६ लिटरचा गॅस गिझर गाडीच्या बाथरूममध्ये लावला तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तो गिझर बाथरूममधलीच हवा घेतो आणि त्याच हवेत धूर सोडतो. कोंडलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गाडीचं बाथरूम कपाटाएवढं. मोटरहोमच्या हीटरचा जळणारा भाग आतल्या हवेपासून बंद असतो, हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच्या झाकणातून जातो. तसा मिळाला तरच गॅसचा विचार करा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत हवाच. नाहीतर मुक्कामी वीज असेल तेव्हा १० लिटरचा विजेचा स्टोरेज गिझर भिंतीला नीट आवळून लावा. लडाखला न्यायची असेल गाडी, तर आणखी एक : आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो, आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा गॅस नीट होत नाही.