आकाशगंगा एकच, दीर्घिका अनेक

गंगाखेडच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: ‘पुस्तकात “देवयानी दीर्घिका” असं आहे, बातम्यांत “अब्जावधी आकाशगंगा” असं येतं. मुलांना काय सांगू?’ (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अवाढव्य समूह, इंग्रजीत गॅलेक्सी.)

हा प्रश्न गंगाखेडहूनच यावा याचा फार आनंद झाला. आपल्याकडे गंगा म्हणजे गोदावरी. ‘गंगेला पूर आला’ म्हटलं की कुणाला काशी आठवत नाही. आभाळातल्या पांढुरक्या पट्ट्यालाही तेच नाव मिळालं. पण तिथली नदी एकच होती, म्हणून आकाशगंगा हे विशेषनाम. त्याला अनेकवचनाची गरजच नव्हती.

ती गरज पडून जेमतेम शंभर वर्षं झाली. १६१० मध्ये गॅलिलिओच्या दुर्बिणीतून तो पट्टा असंख्य ताऱ्यांचा असल्याचं दिसलं होतं. तरी देवयानी तारकासमूहातला धूसर ठिपका आकाशगंगेतलाच तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, आहे की तिच्या बाहेरचा, यावर १९२० मध्येही खगोलशास्त्रज्ञ भांडत होते. १९२३ मध्ये एडविन हबलला माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून त्या ठिपक्यात ठरावीक लयीत उजळणारा, मंदावणारा तारा सापडला. अशा ताऱ्याची लय मोजली की त्याचं खरं तेज कळतं, आणि तेजावरून अंतर. ते अंतर आकाशगंगेत मावेना! आजच्या मोजणीनं ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं भरतं. ज्याला आपण अख्खं विश्व समजत होतो, ते अनेकांतलं एक निघालं. आता सामान्यनाम हवं झालं.

इंग्रजीनं घरचंच नाव सगळ्यांना दिलं. ‘गॅलेक्सी’ हा शब्द ग्रीकमधल्या दुधावरून आला, म्हणजे मुळात तो आपल्याच पट्ट्याचा. मराठीनं वेगळा शब्द घेतला आणि तो मला मनापासून आवडतो. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, पुष्करिणी. ‘रघुवंशा’त ओस पडलेल्या अयोध्येच्या दीर्घिकांचं पाणी रानरेडे शिंगांनी घुसळतात, ते हेच. आपल्या बारवेच्या कुळातला शब्द! सेलू तालुक्यात वालूरची बारव आहे, तिच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली उतरतात. तिचा वरून घेतलेला फोटो आणि एखाद्या सर्पिल दीर्घिकेचा फोटो वर्गात शेजारी शेजारी लावा. शब्द घडवणाऱ्याच्या मनात वालूर नसेलही, पण मुलं तो विसरणार नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. गंगाखेड हे गाव, तशी आकाशगंगा ही दीर्घिका. प्रत्येक गावाला कुणी गंगाखेड म्हणत नाही. ‘आकाशगंगा’चं रूप अनेकवचनातही बदलत नाही, म्हणून बातमीतली चूक कानाला खटकत नाही, एवढंच. अंगणात बाजेवर पडून आजी काहीही म्हणो, तिला दुरुस्त करू नये. वर्गात मात्र हा भेद पाळावाच, कारण आपण कुठे आहोत ते त्यातच कळतं: अनेकांतल्या एका दीर्घिकेत, आणि तिथेही मधल्या चौकापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं लांब.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होते आहे; ती गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग, टिपणार आहे. २०१५ पासून परदेशातल्या अशा वेधशाळांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरी आपल्या आकाशगंगेतल्या नव्हेत, दुसऱ्या दीर्घिकांमधून आलेल्या आहेत. उद्या औंढ्याची बातमी फळ्यावर लिहाल, तेव्हा ‘दीर्घिका’च लिहा. त्यातला ‘दी’ दीर्घ आणि ‘र्घि’ ऱ्हस्व.