न्युरेंबर्गच्या बाजारातून घरी काय न्यायचं

तू विचारलंयस, ऑक्टोबरात मास्टर्सला जर्मनीला जातोय, हिवाळ्यात आठवडाभर कोल्हापूरला येऊन जाईन, तर तिथल्या ख्रिसमसच्या बाजारातून घरच्यांना काय आणू? व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं), विमा हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. पण तुझा प्रश्न वाचला आणि २०१७ चा डिसेंबर डोळ्यांपुढे आला. त्यामुळे उत्तर लांबणार.

मी न्युरेंबर्गपासून ट्रेनने तासाभरावर शिकत होते. तिथला बाजार हाउप्टमार्क्ट चौकात, जुन्या चर्चसमोर भरतो. अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी सुरू होतो (अ‍ॅडव्हेंट म्हणजे ख्रिसमसआधीचे चार रविवार) आणि २४ डिसेंबरला उठतो. लाकडी दुकानं, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. आपल्या महाद्वार रोडच्या बाजाराची सवय घरी ठेवून जा, तिथं घासाघीस होत नाही. रोख पैसे जवळ असू देत. गरम पेयाच्या कपाचं डिपॉझिट घेतात. कप परत दिला नाही तर तो तुझा. मित्रांसाठी याहून स्वस्त आणि चांगली वस्तू मला सापडली नाही. सुक्या आलुबुखाराचे हातपाय आणि अक्रोडाचं डोकं असलेल्या बाहुल्या तिथली खासियत, पण त्या खायच्या नसतात, हे घरी आधी सांग.

लेबकुखेन नावाचा मसालेदार केक सगळेच घेतात. त्यातला एलिझेन हा प्रकार उत्तम. त्यात सुकामेवा निदान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के असावं असा नियमच आहे. मी आजीसाठी नक्षीचा डबा भरून घेतला. खोलीवर येऊन मागची अक्षरं लावत वाचली तर आत अंडं. आजी माळकरी. तुझ्या घरी कुणी माळकरी असेल तर दुकानातच विचार, जर्मनमध्ये अंड्याला 'आय' म्हणतात.

मी बाजारात गेले त्या शनिवारी दुपारी बारा वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेचारला, आईचा व्हिडिओ कॉल आला. घरचे सगळे गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात होते. ताईचं लग्न संक्रांतीनंतर ठरलं होतं, साज घ्यायला गेले होते. आई एकेक पान कॅमेऱ्याजवळ धरून दाखवत होती, हा मासा, हे कमळ. मी काचेच्या वस्तूंच्या दुकानापुढे थंडीत उभी. मागून बाबांनी विचारलं, "तिकीट काढलंस न्हवं?" मी म्हटलं, काढते.

तिकीट निघणार नव्हतं, हे तेव्हाच कळायला लागलं होतं. माझा व्हिसा डिसेंबरअखेर संपत होता आणि राहण्याच्या परवान्यासाठी कार्यालयानं तारीख दिली होती फेब्रुवारीची. मधल्या काळात बाहेर जाऊन परत येता येईल असा कागद मिळतो, हे मला माहीत होतं. तो मिळावा म्हणून तीन ईमेल केले, दोनदा जाऊन उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही वेळा तारखेच्या दिवशी या एवढंच सांगितलं. आठ वर्षं झाली, परवान्याचं कार्ड आलं, नोकरी लागली, तरी ती खिडकी आठवली की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून सांगते, पत्ता नोंदवलास की त्याच दिवशी परवान्याची तारीख माग. परवाना किंवा तो मधला कागद हातात आल्याशिवाय घरी कुणाला "येतो" म्हणू नकोस.

एकटेपणाचंही विचारलंयस. तो असतो. स्वयंपाक करायला लाग, चार माणसं भेटतात.

मला त्याहून जड गेलं ते वेगळंच. घरी मी कागदाचं सांगितलंच नाही. परीक्षा आहे म्हणाले. बाबांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. मला परत शिरता येईल की नाही याची त्यांना रात्रंदिवस काळजी लागली असती. परीक्षा म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही. ताई फक्त "बरं, अभ्यास कर" म्हणाली. लग्नाच्या दिवशी मी लायब्ररीत बसून अक्षता पडताना मोबाइलवर बघितल्या.

लेबकुखेन मीच संपवले. पुढच्या उन्हाळ्यात रिकामा डबा घासून आजीला नेला. ती त्यात फुलवाती ठेवते. बाबांना लोकरीची टोपी नेली, ती कोल्हापूरच्या थंडीत कधी लागलीच नाही. तुझ्या बाबांना काय हवंय ते विचारून घे, मी विचारलं नव्हतं.

ताईसाठी घेतला होता तो काचेचा मोर. ख्रिसमसच्या झाडाला टांगायचा, अंड्याच्या कवचाएवढी पातळ काच. पोस्टानं पाठवायचा धीर झाला नाही. त्यानंतर चार वेळा कोल्हापूरला जाऊन आले, एकदाही तो बॅगेत ठेवला नाही. दिला असता तर कधी घेतलास, हे तिनं विचारलं असतं. तो इथं कपाटात मोज्यात गुंडाळलेला आहे. तू निघण्याआधी मी मे महिन्यात येतेय, या वेळी हातातल्या पिशवीतून आणणार आहे.