किनोआ कडू लागतो आणि फुलकोबीसोबत त्याचा लगदा होतो, काय चुकतं?

ताई, तुमचा प्रश्न असा: यवतमाळकडच्या खेड्यात राहता, लेकाने पुण्याहून किनोआचं पाकीट पाठवलं. भातासारखा कुकरला लावला तर कडू लागला. मग फुलकोबी आणि मटर घालून खिचडी केली तर लगदा झाला. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून त्यांना हे द्यायचंय, आणि पाकीट संपल्यावर काय करायचं तेही विचारलंय.

कडूपणा धुण्यात राहिला आणि लगदा पाण्यामुळे झाला. फुलकोबीत शेकडा नव्वदच्या वर पाणी असतं. किनोआसोबत ती कुकरमध्ये गेली की ते सगळं पाणी सोडते, आणि तुम्ही किनोआला मोजून घातलेल्या पाण्याचा हिशेब तिथेच बिघडतो. म्हणून दोन्ही वेगळं शिजवायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकत्र करायचं. एवढं सांभाळलं तर बाकीचं सोपं आहे.

आधी धुणं. किनोआच्या दाण्यावर सॅपोनिन नावाचा कडू थर असतो, पाण्यात त्याचा साबणासारखा फेस होतो. पाकिटावर 'धुतलेला' असं लिहिलं असलं तरी धुवाच. दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा, तांदूळ धुतो तसा ओतून धुतला तर अर्धा मोरीत जातो. चहाची बारीक गाळणी किंवा जुन्या धोतराचं पातळ कापड घ्या. गंजात (पातेल्यात) पाणी घेऊन दाणे दोन्ही तळव्यांत मिनिटभर चांगले चोळा, गाळा, पाणी फेकून द्या. असं तीन-चारदा. नुसतं खळबळून भागत नाही, चोळावंच लागतं. फेस यायचा थांबला की दोन कच्चे दाणे दाताखाली धरून पहा. जिभेला कडू लागले तर अजून एक पाणी. धुण्याआधी ताटात पसरून निवडून घ्या, कधी कधी बारीक खडे निघतात. सुपात मात्र पाखडू नका, दाणा इतका हलका की किनोआच उडून जाईल.

धुतल्यावर वीस मिनिटं ताज्या पाण्यात भिजवा आणि ते पाणीही टाकून द्या. रात्रभर भिजत घालायची गरज नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तो सकाळपर्यंत आंबून वास मारतो.

आता शिजवणं. पांढरा किनोआ असेल तर 1 वाटीला पावणेदोन वाट्या पाणी. दोन वाट्या पाणी सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते न भिजवलेल्या दाण्याचं माप आहे. भिजवून पुन्हा दोन वाट्या घातलं की चिकट होतो. निथळलेला किनोआ जाड बुडाच्या गंजात तेल न घालता मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परता. दाणे सुटे होऊन तडतडायला लागले आणि भाजल्या शेंगदाण्यासारखा वास सुटला की पाव चमचा मीठ आणि उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर उकळी यायला वेळ लागतो. उकळी आली की झाकण, बारीक आच, बारा-तेरा मिनिटं. दाणा पारदर्शक दिसून त्याच्या कडेचा पांढरा दोरा सुटला की शिजला. गॅस बंद करून झाकण न काढता आठ-दहा मिनिटं तसाच ठेवा, मग परातीत पसरा. सराट्याने (उलथण्याने) दाबून हलवू नका, काट्याच्या चमच्याने मोकळा करा. एका वाटीचा साधारण तीन वाट्या होतो.

लाल किंवा काळा किनोआ असेल तर पाच-सहा मिनिटं जास्त लागतात आणि तो दाताखाली थोडा कडकच राहतो. सासऱ्यांचे दात कसे आहेत ते बघून पांढराच घेतलेला बरा.

कुकरलाच लावायचा असेल तर 1 वाटीला सव्वा वाटी पाणी, एक शिट्टी, आणि पाच मिनिटांनी शिट्टी उचलून उरलेली वाफ काढून टाका. कुकर आपोआप थंड व्हायची वाट पाहिली तर आतल्या वाफेवर दाणा फुटत जातो. तुमचा लगदा अर्धा इथेही झाला असावा.

फुलकोबीचं निराळं शास्त्र. बजारातून घट्ट, पांढरा, जड गड्डा घ्या, पानं ताजी असलेला. फुलं सुटी झालेली, वर लव आल्यासारखी दिसणारी जून असते, तिला उग्र वास येतो. डिसेंबर-जानेवारीतली सगळ्यात चांगली. मे महिन्यात फुलकोबीच्या मागे लागू नका, महाग आणि बेचव. तेव्हा ह्याच पद्धतीने गवारीच्या शेंगा किंवा पत्ताकोबी करा.

अर्ध्या किलोच्या गड्ड्याची बोराएवढी फुलं तोडा, सुरीने चिरण्यापेक्षा देठापाशी चीर देऊन हाताने फोडली तर चुरा कमी होतो. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि चिमूटभर हळद टाकून दहा मिनिटं बुडवा, अळ्या बाहेर येतात. पाणी उकळतं घेऊ नका, अळी आतच मरून अडकते. मग उपसून सुती कापडावर वीस मिनिटं पसरा. ही पायरी बहुतेक घरी गाळली जाते आणि भाजी बिघडते ती इथेच. ओली फुलं गरम तेलात पडली की भाजली जात नाहीत, वाफेवर शिजतात, आणि जास्त शिजलेल्या फुलकोबीतून तो गंधकाचा वास सुटतो जो घरभर पसरतो.

लोखंडी कढई चांगली तापवा, पोह्याच्या चमच्याने दीड चमचा तेल टाका, आणि फुलं एका थरातच मांडा. अर्धा किलो असेल तर दोन घाण्यांत करा. तीन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू तांबूस झाली की सराट्याने उलटा, आणखी तीन मिनिटं. झाकण नाही, मीठही आत्ता नाही, मीठ लागलं की पाणी सुटतं. देठ सुरीने टोचून थोडा करकरीत लागला पाहिजे. लगेच स्टीलच्या ताटात काढा, लोखंडात राहिली तर काळपट पडते.

आता हे दोन्ही एकत्र कसं येतं ते चौघांच्या मापाने सांगते. किनोआ कच्चा दीड वाटी (आमटीची साधारण 150 मिलीची वाटी), वरच्यासारखा शिजवून गार केलेला. अर्धा किलो फुलकोबी भाजलेली. कांदे दोन, मटर अर्धी वाटी वाफवलेले, टमाटर एक, अद्रक-लसणाचा ठेचा एक चमचा, मोहरी, जिरं, हिंग, हळद पाव चमचा, तिखट एक चमचा (भिवापुरी मिरचीचं असेल तर पाऊण पुरे), धने पूड एक चमचा. दोन चमचे तेलात फोडणी करून कांदा कडेने तांबूस होईपर्यंत परता. ठेचा, मसाले, मग बारीक चिरलेला टमाटर, आणि तो पूर्ण आटून तेल सुटेपर्यंत थांबा. टमाटराचं पाणी राहिलं तर किनोआ ते शोषून फुगतो. मग मटर, किनोआ, मीठ. दोन मिनिटं मोठ्या आचेवर खालून वर हलवा. सगळ्यात शेवटी फुलकोबी, एक मिनिट, गॅस बंद. वरून लिंबू आणि मूठभर सांबार (कोथिंबीर).

दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट घातला तर दाणे आणखी सुटे राहतात आणि चवही आपल्या ओळखीची होते. जवसाचा कूट घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावरच. ओल्यात शिजवलेला जवस बुळबुळीत होतो.

माझं मत विचाराल तर ह्या पुलावापेक्षा किनोआ आपल्या गोळ्यांच्या कढीत जास्त खुलतो. चण्याची डाळ एक वाटी चार तास भिजवा, पूर्ण निथळू द्या आणि पाणी न घालता भरड वाटा. बोअरचं पाणी जड असेल तर डाळ नीट भिजत नाही, त्या दिवशी प्यायचं गाळलेलं पाणी वापरा. त्यात अर्धी वाटी शिजलेला किनोआ, अर्धी वाटी किसलेली फुलकोबी, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि पाच-सहा लसूण पाकळ्यांचा ठेचा, जिरं, हळद, सांबार, मीठ. फुलकोबीच्या किसाला आधी चिमूटभर मीठ लावून पाच मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळा, निघालेलं पाणी कढीत जाऊ द्या. लिंबाएवढे गोळे वळून चाळणीवर बारा मिनिटं वाफवा, मगच उकळत्या कढीत सोडा. कढीला चार वाट्या ताक, दोन चमचे बेसन, पहिली उकळी येईस्तोवर हात थांबवायचा नाही, नाही तर फाटते. आधी एकच गोळा सोडून पहा. फुटला तर मिश्रण ओलं आहे, चमचाभर बेसन मिसळा. दगडासारखा लागला तर डाळ फार बारीक वाटली गेली, त्यात आणखी दोन चमचे किनोआ घाला. डाळ आणि किनोआ एकत्र आल्याने प्रथिनांच्या हिशेबानेही हे ताट भरीव होतं, आणि नुसतं कढी-गोळ्यांवर जेवण होतं.

आत्ता तुमच्याकडे जो लगदा आहे तो टाकू नका. एक वाटी लगद्यात एक वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी बेसन, तिखट, मीठ, ओवा, तीळ घालून पाणी न टाकता मळा आणि तव्यावर थालीपीठ लावा. भोकं पाडून तेल सोडा, झाकण ठेवून तीन मिनिटं, उलटून दोन. आणि कडू शिजलेला असेल तर तो धुऊन सुधारत नाही. आंबट ताकात जिऱ्याची फोडणी देऊन खपतो थोडाफार, पण सॅपोनिनने काहींचं पोट बिघडतं, म्हणून सासऱ्यांना तो देऊ नका.

शुगरचं सांगायचं तर किनोआ म्हणजे औषध नाही. कच्च्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 13-14 ग्रॅम, ज्वारीत 10 च्या आसपास, आणि तुरीच्या डाळीत 21-22. पिष्ट पदार्थ किनोआतही भरपूर आहेत. भाताच्या जागी एक वाटी शिजलेला किनोआ, दोन वाट्या भाजी आणि डाळ असं ताट असेल तर फायदा. भात-पोळी खाऊन वरून किनोआ असेल तर उलट. गोळ्या आणि त्यांच्या वेळा डॉक्टरांनी सांगितल्या तशाच चालू ठेवा.

पाकीट संपल्यावर पुन्हा मागवलंच पाहिजे असं काही नाही. मूळचं ते पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातलं धान्य, आपल्या चाकवताच्या जवळचं. किनोआचा भाव ज्वारीच्या किती तरी पट, आणि वरचं जवळपास सगळं ज्वारीच्या कण्यांत होतं. ज्वारी घरच्या जात्यावर किंवा चक्कीवर भरडून आणा, पीठ चाळून काढा, नाही तर तेच चिकटपणा आणतं. कण्या तासभर भिजवून निथळा, पाच मिनिटं भाजा, 1 वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकून बारीक आचेवर पंधरा ते अठरा मिनिटं, मग परातीत पसरून चमचाभर तेल लावा. कढीच्या गोळ्यांत ह्या कण्या किनोआपेक्षाही बऱ्या लागतात. पुलावाला मात्र भगर घेतली तर जास्त मोकळी होते: भाजून, 1 वाटीला दोन वाट्या पाणी, आठ मिनिटांत तयार. किनोआ एका ठिकाणी खरंच पुढे आहे, तो दुसऱ्या दिवशी कडक होत नाही. शेतावर डबा न्यायचा असेल तेव्हा हे लक्षात येतं, कण्या दुपारपर्यंत घट्ट होतात.

उरलेला किनोआ उन्हाळ्यात बाहेर तासाभराच्या वर ठेवू नका, फ्रीजमध्ये दोन दिवस चालतो. कच्च्यात तेलाचा अंश पाच-सहा टक्के असतो, म्हणून 45 अंशांच्या उन्हाळ्यात उघडं पाकीट खवट होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवा. पीठ दळून ठेवू नका, लागेल तेवढंच मिक्सरमधून काढा. आणि फुलकोबीची कोवळी पानं, सोललेला दांडा फेकू नका, बारीक चिरून तुरीच्या डाळीसोबत दोन शिट्ट्या काढा आणि लसूण-लाल मिरचीची फोडणी द्या, पालकाच्या डाळभाजीसारखीच होते.