सायन्स सोडून आर्ट्‌सला जाऊ का?

"मॅडम, मी सायन्स सोडते. मला डोकंच नाही." बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलगी खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलली. हातात शाखाबदलाचा भरलेला अर्ज. पहिली इंटर्नल झाली की हे वाक्य मला दर वर्षी ऐकायला मिळतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ती नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची. घरी पावरी बोली, आश्रमशाळेत दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी. बारावी गाईड पाठ करून काढली. पुण्यात आल्यावर पाठांतर पुरेना. बॉटनीत २० पैकी ४.

पहिली चूक माझीच झाली. मी तिला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला धाडलं. तिथं 'हाऊ आर यू'ची घोकंपट्टी. दोन आठवड्यांत तिनं क्लास सोडला आणि माझ्याकडेही फिरकेना.

महिन्याभरानं आली तेव्हा मी उत्तरपत्रिकाच मागितली. ऑस्मोसिसच्या प्रश्नाला दोन ओळी, त्याही खोडलेल्या. म्हटलं, "हे मला मराठीत सांग. मी सायकॉलॉजीवाली, मला काही येत नाही."

जरा वेळ गप्प. मग, "परासरण ना? कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, ते."

मी मुद्दाम खोडा घातला. "मग तुमच्याकडे आमचुरासाठी फोडी वाळवतात, तेही परासरणच?"

"नाही हो मॅडम! ते पाणी उन्हानं उडून जातं. मिठाचं वेगळं. तिथं पेशीच्या पडद्यातून पाणी बाहेर येतं, कारण बाहेर मीठ जास्त."

या उत्तराला मी तरी इतके कमी मार्क दिले नसते. तिला अडत होतं ते इंग्रजी वाक्यापाशी, आणि ती त्यालाच 'डोकं नाही' म्हणत होती. शाखा बदलायची तर खुशाल बदला, पण त्याआधी एखादा धडा आपल्या भाषेत कुणाला तरी समजावून बघा. तिथंही अडलात तर प्रश्न विषयाचा.

विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२३ मध्येच विद्यापीठांना कळवलं होतं, की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. मी हे विभागप्रमुखांपुढे मांडलं. "मान्य, पण पेपर तपासणार कोण?" सरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. विद्यापीठाची परीक्षा आमच्या हातात नव्हती, वर्गातल्या चाचण्या होत्या. तिथं ठरलं: वाक्य मराठीत, संज्ञा इंग्रजीत.

घरी तिनं नेहमीच्या उलट क्रम धरला. आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचायची, शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश, मग इंग्रजी पुस्तकातलं तेच पान. रोज एकच पान.

मध्येच तिच्या भावाचा फोन. "मराठीत लिहून नोकरी कोण देणार?" त्याला सांगितलं, दादा, इंग्रजी सोडलेलं नाही, फक्त दुसऱ्या नंबरवर ठेवलंय. त्याला किती पटलं कोण जाणे.

दुसऱ्या इंटर्नलला ११ मिळाले. व्हायवात अजून त-त-प-प होतं. शाखाबदलाचा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मागितलास की देईन, असं तिला सांगून ठेवलंय.